टर्बाइन आणि जनरेटरचे फेरे जुळवताना या चुका टाळा

पाऊस ओसरला की कोकणातून फोन सुरू होतात. "वहाळावर टर्बाइन बसवलंय, फिरतंय झकास, पण बल्ब मिणमिणतात." माझा पहिला प्रश्न ठरलेला: फेरे कधी मोजलेत, लोड टाकायच्या, म्हणजे दिवे-उपकरणं जोडायच्या, आधी की नंतर? उत्तर बहुतेक वेळा "आधी" असंच येतं.

पेल्टनचं चाक (कडेला वाट्या असलेलं, नोझलमधून सुटणाऱ्या धारेने फिरणारं टर्बाइन) लोडशिवाय मोकळं सोडलं तर ते त्याच्या योग्य वेगाच्या जवळजवळ १.८ पट पळतं. त्या आकड्यावर भरवसा ठेवून कपलिंग करणाऱ्यांनी मला वैताग आणलाय.

सिंधुदुर्गातल्या एका पोफळीच्या बागेतली गोष्ट. ३० मीटर हेड (पाणी पडण्याची उंची), २०० मिलीमीटर व्यासाचं पेल्टन. मोकळे फेरे भरले १८५०. चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) अल्टरनेटरला, म्हणजे जनरेटरला, घरच्या विजेच्या ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सीसाठी मिनिटाला १५०० फेरे लागतात. "काका, साडेतीनशे वरच आहेत, पुली-पट्ट्याचा खर्च कशाला?" असं म्हणत बागायतदाराच्या मुलाने सरळ शाफ्टला शाफ्ट जोडून टाकला. व्होल्टमीटर २२५ दाखवत होता, म्हणून सगळे खूश. थोड्याच दिवसांत फ्रिजचा कॉम्प्रेसर जळला.

फ्रिक्वेन्सी मीटर कोणी लावलाच नव्हता. मी लावला तर काटा ३६ वर. लोडखाली फेरे १०८० पर्यंत उतरले होते आणि एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) बिचारा जास्त करंट सोडून व्होल्टेज ओढून धरत होता. कमी फ्रिक्वेन्सीला पूर्ण व्होल्टेज मिळालं की मोटार तापणारच.

हिशेब दहा मिनिटांचा होता. ३० मीटरला धार सेकंदाला साधारण २३.५ मीटरने सुटते. वाट्या तिच्या ४६ टक्के वेगाने पळाल्या तर ताकद सर्वांत जास्त मिळते. २०० मिलीमीटरच्या चाकाला म्हणजे मिनिटाला १०३० फेरे. लोड कमी करून तेच चाक १५०० वर चालवता येतं, पण वीज जेमतेम ६० टक्के मिळते. टर्बाइनवर ८ इंची आणि अल्टरनेटरवर साडेपाच इंची पुली बसवली, काम झालं. पुलीचा व्यास मात्र बाहेरच्या कडेने मोजू नका, पट्टा बसतो तिथला धरा.

हेडही लोक व्हॉल्व्ह बंद असताना मोजतात! पाइपातलं घर्षण पाणी वाहतानाच कळतं. मी नोझलच्या मागे प्रेशर गेज लावतो, पाणी पूर्ण सोडतो आणि मगच वाचतो. एक किलो दाब म्हणजे दहा मीटर. तो आकडा हातात येईपर्यंत पुलीची ऑर्डर देत नाही, मालक कितीही घाई करो.

जुनी मोटार जनरेटर म्हणून वापरताय? पाटीवरचे १४४० फेरे मोटारीचे. वीज करायची तर कपॅसिटर लावून तिला १५०० च्या वर, साधारण १५५० ला फिरवावं लागतं.

पट्टा घसरतो म्हणून करकचून ताणू नका, बेअरिंग जातं.

दिवाळीनंतर पाणी आटलं की व्हॉल्व्ह अर्धा आवळायची सवय सोडा. दाब व्हॉल्व्हमध्येच मरतो, धार मंदावते आणि जुळवलेले फेरे बिघडतात. लहान नोझल बसवा. व्हॉल्व्ह बंदही करायचा तो सावकाश. झटक्याने फिरवलात तर पीव्हीसी पाइप फुटतो.

आणि लोड कायम सारखा ठेवणारा लोड कंट्रोलर लावाच. "घरातले दिवे चालूच ठेवतो की," हे उत्तर मला चालत नाही. फ्यूज उडाला की अल्टरनेटर १५०० वरून २७०० कडे धावतो. कंट्रोलर उरलेली वीज हीटरमध्ये जाळतो, म्हणून हीटर पूर्ण उत्पादनापेक्षा वीसेक टक्के मोठा घ्या. तो आंघोळीच्या टाकीत बसवायची हौस पुष्कळांना असते. टाकी रिकामी झाली की कॉइल जळते आणि टर्बाइन मोकळं सुटतं. टर्बाइनमधून बाहेर पडणारं पाणी ज्या पिंपातून जातं, त्यातच हीटर सोडा.