जोडीदार नुकताच अमेरिकेत आलाय? पहिला जॉइंट रिटर्न असा भरा

सगळं ठरतं ३१ डिसेंबरवर. त्या दिवशी तुमचं लग्न झालेलं असेल, तर आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) लेखी तुम्ही अख्खं वर्ष विवाहित. लग्न भारतात नोव्हेंबरात झालं असलं, तरी 'सिंगल' म्हणून रिटर्न भरता येत नाही. बहुतेक नव्या जोडप्यांपुढे दोनच वाटा उरतात: जॉइंट (दोघांचा मिळून एक रिटर्न) किंवा सेपरेट (ज्याचा त्याचा वेगळा). २०२५ साठी स्टँडर्ड डिडक्शन (कमाईतून मिळणारी सरसकट वजावट) जॉइंटला ३१,५०० डॉलर, सेपरेटला १५,७५० डॉलर. एकाचीच कमाई असेल तर जॉइंट बहुतेक वेळा फायद्याचा पडतो.

आता जोडीदार करासाठी रेसिडेंट आहे का ते बघा. ग्रीन कार्ड असेल तर ते घेऊन अमेरिकेत पाऊल ठेवल्या दिवसापासून रेसिडेंट. एच-४ सारख्या (नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) व्हिसावर अमेरिकेत राहिलेले दिवस मोजावे लागतात: या वर्षी किमान ३१ दिवस, आणि या वर्षाचे सगळे, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश व त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश मिळून १८३. २० सप्टेंबरला पहिल्यांदा उतरलेल्या माणसाचे वर्षअखेरीस १०३ दिवस भरतात, म्हणजे तो नॉनरेसिडेंट. पहिल्याच वर्षी १८३ गाठायला २ जुलैपर्यंत पोचलेलं असावं लागतं.

दिवस भरले नाहीत म्हणून जॉइंटचं दार बंद होत नाही. तुम्ही स्वतः वर्षअखेरीस रेसिडेंट असाल, तर दोघं मिळून 'जोडीदाराला पूर्ण वर्ष रेसिडेंट धरा' अशी निवड करू शकता. पहिल्या जॉइंट रिटर्नला त्यासाठी एक निवेदन जोडायचं. एका कागदावर तीन-चार ओळी पुरतात: वर्षाच्या शेवटच्या दिवशी कोण रेसिडेंट होता आणि कोण नॉनरेसिडेंट, दोघांनाही पूर्ण वर्ष रेसिडेंट धरावं अशी निवड करत आहोत, दोघांची नावं, पत्ते, करासाठीचे ओळख नंबर. खाली दोघांच्या सह्या. शिवाय फॉर्म १०४० वर (म्हणजे मुख्य रिटर्नवर) फायलिंग स्टेटसपाशी याच कामाची चौकट आहे. तिथे खूण करून जोडीदाराचं नाव लिहा. जोडीदार वर्षअखेरीस दिवसांच्या हिशोबाने रेसिडेंट झाला असेल, तरी वर्षाचा आधीचा भाग नॉनरेसिडेंट म्हणून गेलेला असतो. तिथेही निवेदन लागतंच, फक्त ती निवड आयुष्यात एकदाच करता येते.

या निवडीची किंमत बरेच जण विसरतात. जोडीदाराची जानेवारीपासूनची जगभरातली कमाई या रिटर्नमध्ये येते: भारतातला पगार, एफडीचं व्याज, घरभाडं, भारतात करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजसुद्धा. फॉर्म १६ इथे नुसता उचलून चालत नाही, कारण तो एप्रिल ते मार्चचा आणि अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबरचं. पगाराच्या स्लिपा महिन्यामहिन्याने लावून बेरीज करा, आणि ८०सीची वजावट इथे विसरा. पगारावर दोनदा कर बसू नये म्हणून फॉर्म १११६ ने भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येतं. नाहीतर फॉर्म २५५५ ने परदेशातला पगार वगळता येतो, पण त्यासाठी सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात गेलेले हवेत. २०२५ ची मर्यादा १,३०,००० डॉलर, तीही पात्र दिवसांच्या प्रमाणात कमी होते. व्याज आणि भाडं २५५५ मध्ये बसत नाही. जोडीदाराचा तिकडचा पगार मोठा असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये जॉइंट आणि सेपरेट, दोन्ही प्रकारे आकडे टाकून बघितल्याशिवाय ठरवू नका. भारतातले म्युच्युअल फंड असतील तर फॉर्म ८६२१ चं वेगळं लचांड आहे. तिथे जाणकाराला पैसे मोजलेले बरे.

मग जोडीदाराचा नंबर. कामाची परवानगी असेल तर सोशल सिक्युरिटी नंबरच काढायचा. नुसत्या एच-४ वर तो मिळत नाही, म्हणून आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांसाठी आयआरएस देतं तो कर-ओळख नंबर. त्यासाठी फॉर्म डब्ल्यू-७ भरा, कारण म्हणून 'ई' चौकट निवडा, आणि तो रिटर्नच्या वर ठेवून कागदावरच पाठवा, कारण पहिल्यांदा नंबर मागताना ई-फाइल होत नाही. पत्ता ऑस्टिनच्या आयटीआयएन ऑपरेशनचा. नेहमीच्या रिटर्नचा पत्ता इथे चालत नाही. रिटर्नवर जोडीदाराच्या नंबरची जागा कोरी सोडा.

अर्ज परत येतात ते बहुधा दोन कारणांनी. पहिलं, नोटरी केलेली पासपोर्टची प्रत. ती चालत नाही. मूळ पासपोर्ट लागतो, किंवा तो देणाऱ्या सरकारी यंत्रणेने प्रमाणित केलेली प्रत. पासपोर्ट टपालात टाकायला जीव धजत नसेल (आणि तो धजू नयेच), तर सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंटकडे (कागद तपासायला आयआरएसने मान्यता दिलेल्या एजंटकडे) किंवा आगाऊ वेळ घेऊन आयआरएसच्या टॅक्सपेयर असिस्टन्स सेंटरमध्ये जा. काही केंद्रांतच ही तपासणी होते, तेवढं आधी विचारून घ्या.

दुसरं कारण खास आपल्याकडचं: नाव. पासपोर्टवर 'स्नेहा विजय' आणि माहेरचं आडनाव, रिटर्नवर मात्र 'स्नेहा' आणि सासरचं आडनाव, असं झालं की गाडी अडते. लग्नानंतरचं नाव घरी काहीही असो, डब्ल्यू-७, रिटर्न आणि निवेदन या तिन्हींवर पासपोर्टवरचं अक्षर न् अक्षर उतरवा. वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं असेल तर तेही तसंच.

आयटीआयएन यायला साधारण सात आठवडे, रिटर्नच्या मोसमात नऊ ते अकरा. रिफंड त्यानंतर. सोशल सिक्युरिटीचा अर्ज अडकलाय आणि १५ एप्रिल जवळ आलीय, तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या. ही मुदत रिटर्नची आहे, पैशांची नाही. कर निघत असेल तर तो एप्रिलमध्येच भरायचा.

परदेशी खात्यांची वर्षभरातली एकत्रित शिल्लक कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) वेगळा, ऑनलाइन भरायचा. तो रिटर्नला जोडत नाहीत. घाईत सेपरेट भरून बसला असाल, तर मूळ मुदतीपासून तीन वर्षांत १०४०-एक्सने (दुरुस्तीच्या रिटर्नने) जॉइंट करता येतो. उलटं मात्र मुदत संपल्यावर होत नाही.