वाडीत राहायला येताय?

गुहागरला आमचं घर रस्त्याला लागून, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपली की समुद्र. निवांतपणा हवा असेल तर निदान दोन रात्री राहा. एका रात्रीत नुसती दगदग होते. रेल्वेने चिपळूणला उतरा, पुढे साधारण ४५ किलोमीटर एसटीने.

खोली घेताना एसीपेक्षा मच्छरदाणी आहे का ते विचारा. पंखा आणि वाडीचा गारवा पुरतो. खुर्ची मात्र नारळाखाली कधीही ओढू नका. वाळलेली झावळसुद्धा माणसाला जायबंदी करते. गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांदेखत एक रिकामी खुर्ची मोडली.

सकाळी साडेसहाला उठा. पाटाचं पाणी सोडलं की ते पाचोळ्याखालून सरसरत पोफळीच्या आळ्यात शिरतं, ओल्या मातीचा वास सुटतो. तेव्हा मोबाइल खोलीतच असू द्या. मग गरम घावनं आणि नारळाचा रस. जेवणाचं आदल्या रात्रीच सांगा, नारळ खवायला वेळ लागतो.

मासे खायचे असतील तर १ जून ते ३१ जुलै टाळा, यांत्रिक बोटींना बंदी असते. आणि पावसाळ्यात समुद्रात उतरू नका. पायाखालची वाळू बघता बघता सरकते.