आधी किल्ली वहीत, मग टीपीएमला हात

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची मोफत अपडेट्स थांबली आणि सांगलीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एकच प्रश्न येऊ लागला: "टीपीएम नाही म्हणतंय, नवीन मशीन घ्यावं लागेल का?" टीपीएम म्हणजे मशीनच्या किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप, आणि विंडोज 11 ला ती लागतेच. पण नवीन मशीन बहुतेकदा लागत नाही. चिप असते, पण बंद असते.

विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, 'टीपीएम डॉट एमएससी' टाईप करून एंटर मारा. ही अक्षरं इंग्रजीत टाकायची: tpm.msc. खिडकीत 'स्पेसिफिकेशन व्हर्जन 2.0' दिसलं तर टीपीएमचं काम झालं. 1.2 दिसलं तर विंडोज 11 ला ते चालत नाही. काहीच सापडलं नाही तर मशीन रीस्टार्ट करून डिलीट किंवा एफ 2 दाबत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये जा. इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी' शोधा, एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम'; दोन्ही टीपीएमचीच नावं. सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड नाहीतर ट्रस्टेड कॉम्प्युटिंग, यांपैकी कुठल्यातरी मेनूत ते दडलेलं असतं. टीपीएमचं सुटं मॉड्यूल विकत घेऊ नका. 2021 मध्ये विंडोज 11 जाहीर झालं तेव्हा लोकांनी ती चढ्या भावानं घेतली. त्यातल्या कित्येकांच्या प्रोसेसरमध्येच ही सोय होती.

इथवर सोपं आहे. गोची पुढं आहे, आणि ती मी स्वतः करून बसलो.

मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचा लॅपटॉप आला होता. पंखा फार वाजतो, एवढीच तक्रार. पंखा साफ केला आणि जाता जाता बायोसही अपडेट करून टाकला. न विचारता. मशीन उठलं ते निळा पडदा घेऊनच: बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, 48 आकडी रिकव्हरी की द्या. मालक म्हणाले, "मी असलं काही लावलंच नाही." खरंच लावलं नव्हतं. नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की विंडोज बऱ्याचदा स्वतःच डिस्क कुलूपबंद करतं.

टीपीएम चिप जुन्या दरवानासारखी आहे. मशीन सुरू होताना बायोस, विंडोज उठवणारा बूटलोडर अशा एकेकाचा चेहरा पाहते. रोजचाच असेल तर डिस्कची किल्ली सोडते. बायोस बदलला म्हणजे तुम्ही मिशी काढून दारात उभे राहिलात. आत घ्यायचं नाही, हे दरवानाच्या दृष्टीनं बरोबरच आहे.

रिकव्हरी की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असायला हवी ते खातं लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या पोरानं स्वतःच्या कुठल्याशा ईमेलवर उघडलेलं, आणि पोरगा नोकरी सोडून गेलेला. त्याला गाठून ओटीपी मिळवण्यात दोन दिवस गेले. तोवर टॅली बंद, आणि फोन माझा वाजतोय.

म्हणून आता कुठलंही मशीन उघडण्याआधी मी सेटिंग्जमध्ये पाहतो, खातं कुणाचं आहे. मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवर त्याच खात्यानं जाऊन डिव्हाइसेसमधून रिकव्हरी की काढतो. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. ते ग्राहकाच्याच वहीत, त्याच्याच हातानं लिहून घेतो. शेजारी की आयडीची पहिली आठ अक्षरंही. एका खात्यात चार मशीनच्या किल्ल्या असल्या तर निळ्या पडद्यावरच्या आयडीशी जुळवून बरोबर किल्ली सापडते. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर की सेव्ह करणारेही भेटलेत. त्यांना काय बोलणार!

विंडोज प्रो असेल तर बायोस अपडेट करण्याआधी कंट्रोल पॅनेलमधल्या बिटलॉकरमध्ये 'सस्पेंड प्रोटेक्शन' करा, म्हणजे कुलूप तात्पुरतं थांबवा. विंडोज होममध्ये ते बटण समोर नसतं, तिथं वहीवरच भिस्त.

एएमडीच्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलला की काळ्या पडद्यावर एफटीपीएम रीसेट करायचं का, असं विचारलं जातं: वाय की एन? किल्ली हाताशी नसेल तर एन. घाईत वाय दाबलं की टीपीएममधली जुनी नोंद पुसली जाते आणि डिस्क रिकव्हरी की मागते.

'क्लिअर टीपीएम' हे चिपमधलं सगळं पुसणारं बटण मी फक्त मशीन विकायला निघालं की वापरतो, तेही आधी डेटा बाहेर काढून आणि विंडोज पूर्ण रीसेट करून.