ट्रकनं उडवलं, तर आपसात मिटवण्याआधी थांबा

वणीकडच्या कोळशाच्या रस्त्यावर ट्रकनं दुचाकीला उडवलं, की दुसऱ्याच दिवशी मालकाचा माणूस दवाखान्यात येतो. वीस-तीस हजार हातावर ठेवतो, कागदावर सही मागतो. घरात पैसा नसतो, सोयाबीन अजून शेतात असतं, म्हणून माणूस सही करून मोकळा होतो. कृपा करून करू नका. भरपाई बहुतेक वेळा ट्रकच्या विमा कंपनीला द्यावी लागते, मालकाच्या खिशातून नाही.

ट्रकचा नंबर मिळाला की एमपरिवहन अ‍ॅपवर विम्याची मुदत दिसते, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. ग्रामीण रुग्णालयात पहिल्याच नोंदीत 'ट्रकची धडक' असं लिहून घ्या. 'गाडीवरून पडला' लिहिलं गेलं, तर विमा कंपनी पुढं तेच धरून बसते. एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मागा.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. ट्रक छत्तीसगडचा असो की तेलंगणाचा, दावा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून हंगाम संपायची वाट पाहू नका.

मजुराकडं पगारपत्रक नसतं, हे खरं. पण बँक पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, कापूस विकल्याच्या पावत्या, सातबारा, सगळं जोडा. हातापायात कायमचा दोष राहिला असेल, तर जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. रक्कम ठरवताना त्याचं वजन फार असतं.