घरचा स्विमिंग पूल: खड्डा खणायच्या आधी होणाऱ्या चुका

दापोलीजवळच्या घरात माझ्या मामेभावानं पूल बांधला. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, पाणी सरासरी चार फूट. मे महिन्यात मुंबईहून सगळी मंडळी यायच्या आदल्या दिवशी बोअरच्या पाण्यानं तो काठोकाठ भरला. पाणी इतकं नितळ की तळाच्या टाइल्सचे सांधे मोजावेत. संध्याकाळी त्यानं क्लोरीनची पावडर टाकली आणि पंप सुरू केला. सकाळी उठून बघतो तर पूलभर कोरा चहा!

बोअरच्या पाण्यात लोह होतं. विरघळलेलं लोह डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीन पडलं की त्याचा गंज होतो आणि पाणी तांबूस होतं. मग तुरटी टाका, गाळ बसू द्या, तळाचा गाळ ओढून काढा, फिल्टर धुवा, यात चार दिवस गेले आणि तोवर मंडळी परत निघाली. हे आधी कळायला प्रयोगशाळाही लागत नाही. काचेच्या बरणीत बोअरचं पाणी घ्या, चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाका आणि रात्रभर ठेवा. रंग बदलला, तळाशी तांबडा साका बसला, तर भरण्याआधी लोह काढायचा फिल्टर लागणार हे समजा.

बांधकामावर देखरेख हा माझा धंदा. नातेवाईक नि ओळखीचे विचारतात ते एकच: पूलला खर्च किती येईल? म्हणजे बांधायचा. पाणी कुठून आणणार आणि मंगळवारी दुपारी, घरी कोणी नसताना, त्याला ब्रश कोण मारणार, हे विचारायचं राहून जातं. ज्यांचा पूल पुढे बेडकांची टाकी झाला, त्यांचं बहुतेक इथंच चुकलेलं असतं.

पाण्याचा हिशेब पहिल्या दिवसापुरताच करणे

८ × ४ × १.२ मीटर म्हणजे ३८,४०० लिटर, दहा हजारी टँकर जवळजवळ चार. एकदाच भरायचंय ना, म्हणून लोक तेवढ्यावर थांबतात. उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं, तरी ३२ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज पावणेदोनशे लिटर गेलं. मुलांनी उडवलेलं वेगळं. वाळूचा फिल्टर आठवड्यातून एकदा उलटा धुवायचा, ज्याला बॅकवॉश म्हणतात, त्यात आणखी तीनशे-साडेतीनशे लिटर.

आणि हे सगळं लागतं कधी? मे महिन्यात. कोकणात साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे खरं, पण जांभ्यात पाणी ठरत नाही. चाकरमानी घरी येतात तेव्हाच विहीर तळ दाखवत असते. आमच्या शेजारच्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "अरे, बाव आटली की यात काय ओतणार?" तेव्हा सगळे हसले. म्हणून विहिरीची पातळी दिवाळीत मोजू नका, एप्रिलच्या शेवटी मोजा. देशावर असाल तर आणखी जपून. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी (वॅगन) होत्या, प्रत्येकीत साधारण पन्नास हजार लिटर. आपला हा 'छोटासा' पूल म्हणजे जवळपास पाऊण वाघीण. अंगणात पूल भरलेला आणि गावात हंड्यांची रांग, हे शेजाऱ्यांना दिसतंच.

रात्री पूलवर कव्हर ओढलं तर उडणारं पाणी बरंच वाचतं. पानंही पडत नाहीत.

पावसाळ्यात पूल रिकामा करणे

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि ती करणाऱ्याला वाटतं, आपण काळजी घेतोय. चार महिने कोणी पोहत नाही, मग पाणी कशाला ठेवा, काढून टाका आणि साफ करून ठेवा. पण पावसाळ्यात भोवतालच्या जमिनीतलं पाणी वर येतं. तळ आणि भिंती वीस सेंटिमीटर जाड धरल्या तर वरच्या मापाच्या रिकाम्या काँक्रीटच्या टाकीचं वजन तीसेक टन भरतं. बाहेरचं पाणी काठापर्यंत चढलं तर ते टाकीला पन्नासेक टनांच्या जोरानं वर ढकलतं. टाकी होडीसारखी उचलली जाते. पूर्ण उचलली गेली नाही तरी तळाला तडा जातो, पाइप तुटतात. तेव्हा पावसाळाभर पूल भरलेलाच ठेवा, रोज थोडा वेळ पंप चालवा, क्लोरीन सोडू नका. बांधतानाच तळाखाली खडीचा थर, निचऱ्याचा पाइप आणि दाब मोकळा करणारा व्हॉल्व्ह मागून घ्या. नंतर हे करणं फार अवघड.

काळ्या मातीत उलटा त्रास. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि टाकीला वर्षभर पिळत राहते. तिथं ती माती काढून मुरूम भरावा लागतो. आणि कोणी गवंडी म्हणाला, "चिऱ्यातच बांधू, आतनं प्लास्टर मारू," तर हात जोडा. चिरा पाणी पितो.

"गच्चीवर करू की!"

चार फूट पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १,२०० किलो, टाकीचं वजन वेगळं. राहत्या घराचा मजला साधारण २०० किलोच्या वापरभारावर (माणसं नि सामान यांचा भार) धरतात, गच्ची त्याहून कमी. इमारतीच्या आराखड्यातच पूल नसेल तर हा विषय इथंच बंद.

औषधांचा गोंधळ

पाणी हिरवं झालं की लोक डबाभर क्लोरीन ओततात आणि तरी ते हिरवंच राहतं. कारण पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप, वर गेलेला असतो, आणि त्यात क्लोरीनची धार बोथट होते. आधी पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा, भिंती घासून शेवाळ सोडवा, मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, क्लोरीन वाढवा आणि पंप रात्रभर चालू ठेवा. एरवी मोकळं, म्हणजे अजून खर्ची न पडलेलं, क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) असलं की पुरे. तपासणीचा छोटा संच घरात हवाच, वास घेऊन काही कळत नाही.

एक मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: ब्लीचिंग पावडर आणि क्लोरीनच्या गोळ्या एका डब्यात, एका चमच्यानं, एका बादलीत कधीही नाही. ही रसायनं वेगळी आहेत, एकत्र आली तर पेट घेतात. पावडरवर ॲसिड पडलं तर विषारी वायू सुटतो.

कुंपण नंतर बघू

नंतर नाही. लहान मूल बुडताना ओरडत नाही. चार फूट उंच, चढता न येणारं कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक, हे पाणी भरायच्या आधी. तळाला एकच शोषणारी जाळी नको, अंतर ठेवून दोन हव्यात. एकावर अंग चिकटलं तरी दुसरीतून पाणी ओढलं जातं. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, आणि पूलच्या सगळ्या विजेला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच.

पाणी कमी होतंय, पण गळतंय की उडतंय?

टाइल्स फोडायच्या आधी बादली घ्या. पूलच्या पाण्यानं भरून ती पायरीवर ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करा, दोन्हीकडे खूण करा. पंप बंद ठेवून चोवीस तास थांबा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते उन्हानं नेलं. पूलमध्ये जास्त उतरलं तर गळती आहे. मग तेच पंप चालू ठेवून करा. तेव्हा आणखी जास्त उतरलं तर पंपाकडून पूलमध्ये परत येणारे पाइप बघा. फरक पडला नाही तर टाकी, नाही तर दिव्यांचे खाचे. मामेभावाच्या पूलला रोज दीड इंच पाणी कमी व्हायचं, आणि तीन गवंड्यांनी तीन ठिकाणी फोडायला सांगितलं होतं. दिव्याच्या वायरच्या नळीतून ते पाणी गुपचूप बागेतल्या केळींना जात होतं. केळी त्या वर्षी झकास आल्या.