शॅम्पू सोडला, पण केस चिकटच? या चुका टाळा

माझं माहेर आर्वीकडचं, सासर दर्यापूर तालुक्यातलं. माहेरी आजी शिकेकाईनं न्हाऊ घालायची. सासरी आल्यावर मात्र बरीच वर्षं एक रुपयाच्या शॅम्पूच्या पुड्यांवरच काढली. घरामागच्या नालीत त्या पुड्या तुंबलेल्या बघून एका दिवाळीला ठरवलं, आता बस. बाजारातून शिकेकाईचा साबण आणला. तिसऱ्यांदा न्हायले तेव्हा केसांत हात घातला तर मेण चोपडल्यासारखं लागलं, फणीच्या दातांत पांढरट लगदा. मला वाटलं, केस गेले कामातून. सासूबाईंनी फणी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "पोरी, केसाले काई नाई झालं. आपलं पानी खारं हाये. साबनाचं दही झालं."

पहिली चूक हीच: शिकेकाईचा साबण म्हणजे शिकेकाई असं समजणं. वडीवर शेंगेचं चित्र असलं तरी तो बहुतेक वेळा साबणच असतो. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो आणि तो केसाला धरून बसतो. शॅम्पूतली फेसाची द्रव्यं वेगळी असतात, त्यांचा असा साका होत नाही. म्हणून शॅम्पूवर असताना पाण्याचा दोष लक्षात येत नाही, आणि सोडला की खापर शॅम्पू सोडण्यावर फुटतं. शिकेकाई-रिठ्यातलं फेसाचं द्रव्य म्हणजे सॅपोनिन. तेही साबणासारखं फाटत नाही.

तेव्हा काही आणायच्या आधी पाणी ओळखा. वरण शिजायला वेळ लागतो का? पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर चढतो का? नसेल कळत तर बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचे चार कीस टाका आणि हलवा. फेस उभा राहिला तर पाणी हलकं. वर नुसता साका तरंगला आणि पाणी दुधट झालं तर जड.

विदर्भात हे गावागणिक बदलतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलेला खारपाणपट्टा तर सगळ्यांना माहीत आहे. बाकी ठिकाणीही विहिरीचं पाणी एक आणि खोल बोरचं दुसरं निघतं. जड पाणी उकळून, निवू देऊन वरचं पाणी निथळून घेतलं तर जडपणा थोडा उतरतो, कारण काही क्षार तळाशी बसतात. खारटपणा मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतो. आमच्याकडे शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं त्या दिवशी मी एक बादली झाकून ठेवते. न्हाणं बोरच्या पाण्यानं, शेवटचे दोन तांबे त्या बादलीतले. एवढ्यानंच माझा निम्मा चिकटपणा गेला. पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीचं पाणी याहून चांगलं, फक्त पहिल्या पावसाचं वाहू द्यावं. त्यात छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण असते.

आता खरी शिकेकाई. इथं चूक होते ती घाईत. कोरडी पावडर पाण्यात कालवून डोक्यावर थापली की भुसा केसांत अडकतो आणि दोन दिवस खांद्यावर झडतो, बघणाऱ्याला वाटतं कोंडा. त्यापेक्षा मूठभर शेंगा, सात-आठ रिठे बिया काढून आणि थोडा सुका आवळा रात्री दीडेक लिटर पाण्यात भिजत घाला. सकाळी मंद आचेवर अर्धा तास उकळा, कोमट झालं की कुस्करा आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. लोखंडी कढईत उकळलं तर पाणी काळं होतं, त्यात बिघडलेलं काही नाही, पण पांढरा टॉवेल जवळ ठेवू नका. रिठा जास्त झाला की केस गवतासारखे कोरडे होतात. डोळ्यात गेला तर फार झोंबतो, म्हणून लेकरांचं डोकं मागं झुकवून धुवा. हे पाणी लवकर आंबतं. थंडीत दोन दिवस चालेल, मे महिन्यात त्याच दिवशी संपवायचं.

फेस कमी येतो म्हणून दुप्पट ओतणं हीही चूकच. आधी डोकं पूर्ण ओलं करा, पाणी मुळांशी जिरवा, बोटांच्या पेरांनी चोळा. आणि आदल्या रात्री तेल हात राखून लावा. शिकेकाई शॅम्पूइतकं तेल काढत नाही.

खायचा सोडा लावून वर लिंबू पिळायचा नुस्खा मोबाइलवर फिरतो. करू नका. डोक्याच्या कातडीचा पीएच, म्हणजे आम्ल-क्षाराचं माप, साडेपाचच्या आसपास असतो आणि सोडा आठाच्या वर, त्यानं केस खरबरीत होतात. चुलीच्या राखेचं पाणी तर त्याहून जहाल. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि तशीच वावरात गेलात तर उन्हानं चट्टे उठू शकतात.

तेलाच्या बाबतीत आमच्या भागातली खास चूक जवसाची. जवस घरचं, चटणी रोजची, मग तेलही डोक्याला का नको? कारण जवसाचं तेल हवेत वाळून चिकट पापुद्रा धरतं. म्हणूनच ते बॅटला लावतात, रंगात घालतात. एकदा केसांवर वाळलं की शिकेकाईला हटत नाही. जवस उकळून निघणारा बुळबुळीत गर मात्र लावा, तो पाण्यानं निघून जातो. डोक्याला खोबरेल बरं. कोंडा असेल तर तेही कमी, कारण कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते. खाज आणि खवले हटत नसतील तर डॉक्टरांनी दिलेला औषधी शॅम्पू महिनाभर वापरण्यात कमीपणा नाही.

सगळ्यात घातक चूक उवांवरची. सीताफळाच्या बिया वाटून लावायची पद्धत गावोगावी आहे. त्या वाटणाचा थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, भयंकर दुखतं, दिसायला धूसर होतं. उवांना घाण लागते असंही नाही, स्वच्छ डोक्यातही होतात. ओल्या केसांना तेल लावून बारीक दातांची फणी दर तीन-चार दिवसांनी, दोन-तीन आठवडे, आणि घरातल्या सगळ्यांची. चुकून बियांचं डोळ्यात गेलंच तर भरपूर पाण्यानं धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

फवारणीच्या दिवशी मात्र शॅम्पू सोडल्याचा हट्ट बाजूला ठेवा. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. वावरातून आल्या आल्या कपडे वेगळे टाका, डोकं-अंग साबणानं किंवा शॅम्पूनं धुवा. जुन्या बाया काळ्या मातीनं न्हायच्या, ती माती तेल शोषते हे खरं, पण तेव्हाच्या वावरात तणनाशक नव्हतं. आता कपाशीच्या धुऱ्यावरची माती डोक्यात घालायची माझी तरी हिंमत नाही.

"महिनाभर काहीच लावू नका, केस आपोआप तेल कमी सोडतील" असंही सांगतात. तेल किती सुटायचं ते शरीरातली संप्रेरकं ठरवतात, न धुतल्यानं ते कमी होत नाही. न धुता, न विंचरता ठेवलेल्या लांब केसांत गुंता घट्ट होतो. त्यात एरंडेल थापून वरून डोकं चोळलं की तो एखाद वेळी एकाच न्हाण्यात गाठोडं होऊन बसतो. मग शेजारची आजी म्हणते, जट आली, देवीचं आहे, हात लावू नका. लावा. तेल घालून कडेनं बोटांनी सोडवा, नाही सुटली तर कात्री. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायांच्या जटा कापल्या आहेत, आणि त्या बाया मान मोकळी करून निजतात.

राहिली केसगळती. विंचरताना थोडे केस जाणारच. पण जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवडसारख्या गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडलं, तेव्हा सगळ्यांचं बोट आधी खाऱ्या पाण्याकडे, शॅम्पूकडे गेलं होतं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस तपासले. त्यांत सेलेनियम नावाचं खनिज खूप वाढलेलं निघालं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. म्हणून केस झुबक्यानं हातात येत असतील, चट्टे पडत असतील, घरात एकाहून जास्त जणांना तसंच होत असेल, तर न्हाण्याचं साहित्य बदलत बसू नका. त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, काय खाता आणि कुठलं पाणी पिता ते सांगा, आणि जाताना घरातला ओंजळभर गहू पुडीत बांधून सोबत न्या.