नवरा एनएफएलमध्ये खेळतो आणि घरी हात उगारतो, तेव्हा

“डोक्याला मार बसलाय म्हणून तो असं वागतो,” एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या खेळाडूंच्या बायका मला सांगतात. असेलही. पण सीटीईचं, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या मेंदूच्या आजाराचं, पक्कं निदान मेल्यावर मेंदू तपासूनच होतं. एनएफएल खेळाडू जोव्हान बेल्चरच्या मेंदूत तशा खुणा सापडल्या, तोवर २०१२ मध्ये त्याने प्रेयसीला गोळ्या घालून स्वतःलाही संपवलं होतं.

म्हणून आधी स्वतःचं बघा. भांडण पेटलं की स्वयंपाकघर टाळा, बाहेरच्या दाराजवळ राहा. पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले, थोडी रोकड मैत्रिणीकडे ठेवा. अमेरिकेतल्या घरगुती हिंसाचार हेल्पलाइनशी १-८००-७९९-७२३३ वर बोला, पण तो तपासतो त्या फोनवरून नको. गळा दाबला असेल तर वळ दिसो न दिसो, लगेच इमर्जन्सी गाठा. आणि तुमच्या डोक्याला बसलेला मारही डॉक्टरांना सांगा. तो कुणी विचारतच नाही! त्याचा न्यूरॉलॉजिस्ट नंतर.